विमानाच्या पिशवीला खळ

माझं शिक्षण दुसरी नापास. पण कुणी विचारलं की मी "सातवी" म्हणायचो, आणि समोरच्याने वाचायला काही पुढे करायच्या आत चहा आणायला पळायचो. गाळ्यातले लोक म्हणायचे, हा माणूस चहा आणायला कधी नाही म्हणत नाही. कसा म्हणेन? ती किटली हीच माझी डिग्री होती.

गाळा अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीत. वर सिमेंटचा पत्रा. मे महिन्यात त्याच्याखाली उभं राहिलं की आपण तव्यावरची भाकरी आहोत असं वाटायचं. काम काय, तर एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायचे. हाफिसातल्या साहेबांना गार हवा पोचावी म्हणून आम्ही उकडून मरायचं. मी तिथे हेल्पर. वय एकतीस, लग्न झालेलं, आणि हेल्पर. माझ्यानंतर लागलेले दोघं फिटर झाले. मी शिडी धरण्यात नाव कमावलं.

शेठ मुलुंडचा. भंगार बघितलं की हा माणूस पाघळायचा. दुसऱ्याने टाकलेली वस्तू म्हणजे आपलं नशीब, असा त्याचा हिशोब. एक दिवस विमानतळाच्या मागच्या भंगारवाल्याकडून त्याने टेम्पोत घालून एक धूड आणलं. चार माणसांनी उतरवलं, त्यातला एक मी. म्हणजे मी हात लावला होता, वजन तिघांनी घेतलं.

"विमानातला आहे," शेठ म्हणाला. "आकाशात सायबलोकांना थंडी वाजते ती ह्याच्यामुळे. ह्याच्यात गॅस नाय, काय नाय. खाली हवा, बस. आणि हवा तर फुकट आहे ने."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हवा फुकट होती हे खरं. ती दाबायला जी मोटर लावावी लागली ती फुकट नव्हती. पहिल्यांदा चालू केली तेव्हा लाइनीतले सगळे दिवे पिवळे पडले, आणि शेजारचा प्लास्टिकची बटणं बनवणारा शिव्या देत बाहेर आला. मशीन अशी किंचाळत होती की त्याच्या शिव्या नुसत्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

तिचा कारभार मला मिस्त्रीने समजावला. मिस्त्री पन्नाशीचा, मालवणकडचा. वीसएक वर्षं गिरणीत हवेच्या खात्यात होता. सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा ओली ठेवायला लागते, ते खातं. संपात गिरणी गेली, आणि तीन वर्षं तो मिळेल ते रोजंदारीचं काम करत आमच्या गाळ्यापर्यंत आला. कमी बोलायचा. बोलला की मालवणीत बोलायचा, आणि बहुतेक ते माझ्याबद्दल असायचं.

"सायकलीक हवा भरलंस कधी? पंपाचा टोक तापता ना? हवा दाबली की तापता. ती तापलेली हवा ह्या जाळीत पंख्यान निववायची. मगे ती ह्या भिंगरीतसून सोडायची. भिंगरी फिरवता फिरवता हवेचा अवसान जाता, ती पसरता आणि गार पडता. समाजला?"

"समजलं."

"काय समाजला?"

"सायकलला हवा भरायची."

त्याने हातातला पाना ठेवला आणि मला चहा आणायला पाठवलं.

गार हवा व्हायची, त्यात खोटं नव्हतं. गाळ्याच्या कोपऱ्यात थर्माकोल लावून एक खोली केली होती, तिच्यात बर्फासारखी हवा यायची. पण वीज एवढी खायची की तेवढ्यात गॅसवाली दोन मशीनं चालली असती. शेठने मग एक सल्लागार साहेब आणला. साहेब स्कूटरवर यायचा, खिशाला तीन पेनं, आणि शुद्ध बोलायचा. त्याने आठवडाभर कागदावर आकडे मांडले आणि सांगितलं, मोटर आणखी मोठी घ्या. वीज कमी कशी खाईल ह्याच्यावर हा इलाज. घरात जास्त खाणारा माणूस आहे, तर त्याच्या भावालाही जेवायला बोलवा. ह्या सल्ल्यासाठी त्याला रोज थम्सअप लागायचं. ते कोण आणायचं हे सांगायला नको.

मशीनला गिऱ्हाईक मात्र आलं. वर्सोव्याची एक कोळीण. तिला सगळे मावशी म्हणायचे, शेठसुद्धा, जरी तो तिच्याहून मोठा होता. खाडीकाठी तिचा कोळंबीचा धंदा. बर्फाच्या गाडीवर सगळा खेळ, गाडी उशिरा आली की माल गेला. गॅसचं मशीन घ्यायला ती तयार नव्हती, कारण शेजारच्या एका गोडाऊनमध्ये गॅस गळून दोन दिवस सगळ्यांचे डोळे सुजले होते. नुसत्या हवेवर चालणारी थंडी आहे असं कळलं म्हणून आली. मशीनभोवती एक फेरी मारली, नाकाला पदर लावून. आम्ही घामाने एवढे वास मारत होतो की मासे विकणाऱ्या बाईने नाक धरलं.

"मना थंडी पायजेल," ती म्हणाली. "पन ईज खाऊन माझा धंदा बुडवनारी थंडी नको. ईज किती खाते ती कुठं दिसते?"

मिस्त्रीने करंटचा मीटर दाखवला. काटा उजवीकडे पार टोकाला. मावशीने कमरेच्या चंचीतून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली घेतली आणि मीटरच्या काचेवर चिकटवली, काट्याच्या बऱ्याच अलीकडे.

"खोलीत बर्फ जमला पायजे आनि काटा ह्या टिकलीच्या फुडं जायला नको. शनवारी येतंय. जमला तर घेन. आनि चालवायला मानूस पन तुमचाच लागंल, पर्मनंट. माझी पोरं ह्या यंत्राला हात नाय लावनार."

पर्मनंट हा शब्द ऐकला आणि मिस्त्रीने तोंडातली विडी काढली. मी त्याला एवढा हललेला कधी बघितला नव्हता.

ती गेल्यावर शेठने गाळ्याच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "शनिवारी झाला तर ठीक. नाय झाला तर सोमवारी टेम्पो बोलवतो, धूड परत भंगारात. आणि मिस्त्री, तुला पण मग इकडे काय काम नाय." म्हणजे मशीन आणि मिस्त्री एकाच टेम्पोचे पॅसेंजर.

साहेब म्हणाला, टिकलीच्या आत काटा येणं शास्त्राप्रमाणे अशक्य आहे. टिकलीवर कुठलं शास्त्र आहे ते मला माहीत नाही.

मिस्त्री दोन दिवस मशीनकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "त्या खोलीतसून परत येणारी हवा बघ. हात लाव." लावला. गार होती. खोलीत फिरून आली तरी चांगली गार. आणि आम्ही ती पाइपातून खिडकीबाहेर सोडत होतो. खिडकीबाहेर एक कुत्रा झोपायचा. अख्ख्या अंधेरीत उन्हाळा सुखाचा गेला तो त्या कुत्र्याचा.

"गार हवा भायर फेकतो, आणि तापलेली आत घेतो," मिस्त्री म्हणाला. "असो संसार कोण करता?"

त्याने भंगारातून तसलीच एक जुनी जाळी काढली, गाडीच्या रेडिएटरसारखी नळ्यांची, धुतली, फुटक्या नळ्यांना डाग मारून भोकं बुजवली. खोलीतून परत येणारी गार हवा त्या जाळीवरून फिरवली, आणि दाबलेली हवा भिंगरीत जायच्या आधी त्याच जाळीतून नेली. म्हणजे जी हवा गार करायची ती भिंगरीत जायच्या आधीच अर्धी निवलेली. मग तेवढ्याच थंडीला हवा कमी दाबली तरी चालणार. हवा कमी दाबली की मोटर कमी खाणार. मला हे समजलं, म्हणजे किती सोपं असेल बघा. साहेबाला नाही समजलं. तो म्हणाला, जास्तीच्या जाळीने मशीनवर ताण येईल, मी जबाबदार नाही, आणि तसं एका कागदावर लिहून सही करून शेठला दिलं.

गुरुवारी दुपारी चालू केलं. काटा वर गेला, थरथरला, आणि हळूहळू खाली येत टिकलीच्या अलीकडे येऊन बसला. खोलीच्या भिंतीला पांढरं जमायला लागलं. खिडकीबाहेरचा कुत्रा उठला, पाइपाच्या तोंडाशी नाक लावलं आणि निघून गेला. बटणवाला बघायला आला, कारण त्याचे दिवे पिवळे पडले नव्हते. मिस्त्रीने मला स्वतःहून एक विडी दिली.

इथे थांबायचं होतं. मी मशीनपासून दहा हात लांब बसून शनिवारपर्यंत विड्या ओढल्या असत्या तर आज सांगायला काही नसतं.

पण मशीनमध्ये एक पिशवी होती. मुंबईची हवा ओली, ती एकदम गार पडली की तिच्यात धुकं होतं. ते धुकं खोलीत गेलं तर बर्फ होऊन पाइप बंद करणार. म्हणून भिंगरीच्या पुढे एक डबा, आणि डब्यात कापडाची पिशवी, मोठ्या पायमोज्यासारखी. हवा पिशवीच्या कापडातून आरपार जाते, धुक्याचे थेंब होतात, डब्याच्या तळाला पडतात, आणि नळीतून बाहेर टपकतात. विमानातसुद्धा असंच असतं म्हणे. एवढं मोठं विमान आणि आत पायमोजा.

शुक्रवारी मिस्त्री म्हणाला, "पिशवी मळली हा. घराक ने, धू आणि उद्या सकाळी बसव. धुतली की हवा अजून मोकळी जायत, काटा अजून खाली येयत. साध्या पाण्यात धू. साबू नको, काय नको. सुकव आणि परत हाड. समाजला?"

"समजलं."

ह्यावेळी त्याने काय समजलं ते विचारलं नाही. विडी दिल्यामुळे त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता. पिशवीला इंग्रजीत एक पट्टी शिवलेली होती. "ह्याच्यार लिवलला असतला, वाच," असं तो म्हणाला. मी पट्टी डोळ्यासमोर धरली, कपाळाला आठ्या पाडल्या आणि म्हटलं, "हो, तेच लिहिलंय."

घाटकोपरला डोंगरावर आमची चाळ. दुपारी पाळी सुटल्यावर बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो तर बाजूचा विचारतो, हे काय? मी म्हटलं, विमानाचा पार्ट आहे. तो सरकून बसला. तिथेच माझं डोकं फिरलं. चाळीच्या पायऱ्या चढेपर्यंत मी जवळजवळ पायलट झालो होतो.

बायकोने पिशवी साध्या पाण्यात स्वच्छ धुतली. तिला सांगितलं होतं तेवढंच तिने केलं. मला मात्र ती ओली, लोंबणारी पिशवी बघवेना. उद्या गिऱ्हाईक येणार, शेठ येणार, साहेब येणार, आणि विमानाचा पार्ट असा ओल्या बोंबलासारखा? आमच्या घरात आजपर्यंत बाहेर जाणारा एक कपडा बिनखळीचा गेला नाही. माझे वडील गिरणीत जायचे ते टोपीला खळ आणि सदऱ्याला नीळ असं करून. माझा लेंगा काढून ठेवला तर उभा राहतो. आमच्याकडे तेवढीच श्रीमंती.

"पेज आहे का दुपारची?" मी विचारलं.

"आहे. का हो?"

"पिशवीला खळ कर. दाट."

ती बघतच राहिली. "अहो, हवा जायची ना हिच्यातून? तुम्हीच म्हणालात. मग खळ कशाला?"

"तुला काय कळतं? विमानाची पिशवी आहे. कडक पाहिजे."

"खळ घातली की कापडाची भोकं बुजतात. म्हणून तर पाणी लवकर शिरत नाही."

"तू मला नको शिकवू."

दुसरी नापास माणूस हे बोलला, चौथी पास बाईला. तिने पातेलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "मी नाही करणार. करायचं तर तुमच्या हाताने करा." मी केलं. रेशनच्या तांदळाची दाट पेज, गाळून. त्यात नीळ, जरा जास्तच. पिशवी बुडवली, पिळली, वाळत घातली. संध्याकाळी निखाऱ्याच्या इस्त्रीने इस्त्री केली, कडा काढून. ठेवली तर खाटेवर उभी राहिली. मी शेजाऱ्याला बोलावून दाखवली.

शनिवारी सकाळी मिस्त्री यायच्या आधी मी पिशवी डब्यात बसवली, झाकण लावलं, बोल्ट आवळले. मला चांगलं जमलेलं आयुष्यातलं ते एकमेव फिटिंग.

दहा वाजता सगळे जमले. मावशी कोळंबीची पाटी घेऊन आली होती, तिने ती स्वतः खोलीत ठेवली. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आलेला. त्याने बटण दाबलं.

पहिल्यांदा आवाज बदलला. गुरुवारी भिंगरी शीळ घालत होती, आज कण्हत होती. काटा वर गेला, थरथरला, आणि तिथेच बसला. टिकलीच्या पुढे, बराच पुढे. खोलीत हात घातला तर हवा येत होती ती कुणीतरी फुंकर घातल्यासारखी. मिस्त्रीने कान लावला, पाइप चाचपले, जाळीचे सांधे बघितले.  डबा उघडायचं त्याच्या मनात आलं नाही, कारण पिशवी कालच धुतली होती आणि मी बसवली होती.

मग डब्याच्या नळीतून पाणी टपकायला लागलं. रोज ते स्वच्छ असायचं. आज ते पांढरं होतं. दुधाळ, आणि थोडी निळसर झाक.

त्या क्षणाला मला सगळं कळलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांना मी वेगळं सांगत आलो. मी म्हणायचो, मला उशिरा लक्षात आलं. नाही. नळीला पहिला पांढरा थेंब लोंबला तेव्हाच वास आला. आमच्या घरचा वास.

साहेबाने एका ग्लासात ते पाणी धरलं आणि उजेडाकडे नेलं. "हे पाहा. दुधाळ, निळसर. म्हणजे पाण्यात तेल मिसळलं आहे. भिंगरीच्या बेअरिंगचं सील गेलं. जास्तीची जाळी लावून यंत्रावर भलताच ताण आणला, त्याचा हा परिणाम. मी लिहून दिलं होतं."

मिस्त्रीने पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्याला चोळलं. "तेल नाय ह्या. तेल असता तर बोटाक कळता."

"तुम्ही गिरणीत कापूस पाहिलात. मी टर्बाईन पाहिली आहेत."

शेठ म्हणाला, "मिस्त्री, तू मशीन खराब केली. सायबाने बोलला होता ने?"

मिस्त्री म्हणाला, मला थोडा वेळ द्या. त्याला वेळ दिला. त्याने सांधा न सांधा तपासला. शिडी मी धरली होती. वरून त्याने दोनदा विचारलं, "पिशवी नीट बसवलंस ना रे?" आणि मी दोनदा म्हटलं, "एकदम झकास."

दीड तास. त्या दीड तासात मी दोनदा चहा आणला, एकदा थम्सअप. मावशीला हसवायला मुतारीच्या रांगेची एक गोष्ट सांगितली. मनाशी म्हटलं, मिस्त्रीला काय, त्याच्या हातात कसब आहे, कुठेही काम मिळेल. तीन वर्षं रोजंदारीशिवाय काही मिळालं नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. मी बोललो तर शेठ मला हाकलणार, आणि शिडी धरणाऱ्याला कोण ठेवतो? असा विचार करत मी चहाचे ग्लास धूत होतो. इतके स्वच्छ ग्लास त्या गाळ्यात त्याआधी कधी निघाले नव्हते.

शेवटी शेठ म्हणाला, "बस झाला. जाळी काढ, पाइप काप. सोमवारी टेम्पो."

मिस्त्री शिडीवरून उतरला. मशीनचं बटण बंद केलं. लोखंडाची करवत घेतली आणि पाइपाला लावायच्या आधी आपले पाने एकेक करून कापडी पिशवीत भरायला लागला. स्वतःचे वेगळे, गाळ्याचे वेगळे. एक पाना हातात घेऊन त्याने बघितला, आपला की गाळ्याचा हे त्याला आठवेना. मला विचारलं, "ह्यो कोणाचो रे?"

मला ते झेपलं नाही. मी साहेबाच्या हातातून ग्लास घेतला आणि प्यायलो. सगळा.

"अरे, विष आहे ते," साहेब म्हणाला.

"विष नाय साहेब. पेज आहे. रेशनच्या तांदळाची. मीठ असतं तर बरी लागली असती."

 मग मावशीने नळीखाली बोट धरलं, नाकाला लावलं.

"पेजच हाय," ती म्हणाली. माझ्याकडे वळली. "पिशवीला खल घातलंस?"

"घातली."

"इस्त्री?"

"केली."

"नील?"

"थोडी."

मावशी खाली बसली. उभ्याने हसता येईना तिला. शेठला अजून कळलं नव्हतं, तो साहेबाकडे बघत होता, आणि साहेब रिकाम्या ग्लासाकडे.

"बायको नको म्हणत होती," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. तेवढंच एक खरं बोलायचं राहिलं होतं.

मिस्त्रीने डब्याचं झाकण उघडलं. आत पिशवी फुगून चिकट झालेली, खरवसासारखी. त्याने ती काढली. मला वाटलं, माझ्या तोंडावर मारणार. मावशीने त्याच्या हातातून घेतली. "च्यावाल्याकडून गरम पानी आन," ती मला म्हणाली, "आनि त्यात काय घालू नको, साखर पन नको." नळाशी बसून तिने स्वतः पिशवी चोळली, उलटी केली, परत चोळली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिस्त्रीने ओलीच बसवली आणि परत बटण दाबलं.

भिंगरीने शीळ घातली. काटा वर गेला आणि खाली आला. टिकलीच्या अलीकडे, गुरुवारपेक्षाही थोडा अलीकडे. मिस्त्री म्हणाला होता तसं, धुतलेली पिशवी मोकळी होती. तासाभराने मावशीने पाटीतली एक कोळंबी उचलून पत्र्यावर आपटली. दगडासारखी वाजली.

"घेतला," ती म्हणाली. "मिस्त्री, सोमवारपासून या."

साहेबाने तोपर्यंत शेठच्या टेबलावरचा आपला सहीचा कागद घडी करून खिशात घातला होता. जाताना म्हणाला, मूळ संकल्पना बरोबरच होती. कोणाची ते नाही सांगितलं.

मिस्त्री माझ्याशी बोलला ते सगळे गेल्यावर. "तुका कधी कळला?"

मी म्हटलं, "पाणी पांढरं आलं तेव्हा."

"म्हणजे दीड तास. दीड तास तू माका भंगारात जाताना बघी होतंस आणि शिडी धरून होतंस."

मी किटली उचलली आणि चहा आणायला गेलो. 

शेठने मला काढलं नाही. त्याहून वाईट केलं. नवीन कोणी गिऱ्हाईक आलं की मला हाक मारायचा आणि ओळख करून द्यायचा, "हा तो पेजवाला." गिऱ्हाईक हसायचं, मी ग्लास भरायचो.

वर्सोव्याला मावशीने मिस्त्रीला विचारलं, मदतीला एक माणूस हवा तर घ्या, तो हसवणारा घेऊ का? मिस्त्री म्हणाला, "तेका नको. पिशवी धुवूक त्याच्या बायलेक विचारा. त्या घरात एकच शाणा माणूस आसा." हे मला मावशीने सांगितलं, आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. नाइलाज होता. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि विचारलं, "धुवायचे पैसे देतील ना?" देणार होते.

मावशीने तसलीच आणखी एक पिशवी शिवून घेतली, आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मिस्त्री एक मळकी पिशवी काढायचा आणि दुसरी धुतलेली घालायचा. धुतलेली पोचवायचं काम माझं. घाटकोपरहून वर्सोव्यापर्यंत बस बदलत, मांडीवर पिशवी घेऊन, आणि पुढे बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून चालत. बसमध्ये कोणी विचारलं तर सांगायचो, बायकोचं काम आहे.

मशीनच्या खोलीत मिस्त्री स्टुलावर बसलेला असायचा, धुतलेल्या शर्टात. काचेवर ती टिकली अजून तशीच. मी पिशवी पुढे करायचो. तो आधी ती दोन बोटांत चोळून बघायचा. मग नाकाला लावायचा. मग मळकी माझ्या हातात द्यायचा आणि काट्याकडे बघत बसायचा. पाच वर्षं मी नेत होतो, एकदाही वास घेतल्याशिवाय त्याने ठेवून घेतली नाही.

घरी आलो की बायको विचारायची, "मिस्त्री काय म्हणाले?"

"वास घेतला."

"मग?"

"मग ठेवून घेतली."